शेवटचं नाव झेनो

प्रिय ल्यूसियन,

तू बारावीच्या बरोबरीची परीक्षा पास झालास, हे तुझ्या सख्ख्या आजीला चर्चच्या पायऱ्यांवर एरलीन ब्रूसारच्या तोंडून कळावं? तिचा मुलगा तुझ्याच बराकीत आहे. रविवारी मिस्सा संपल्यावर म्हणाली, "मिस ऑर्टेन्स, सतरा तारखेला काय घालणार? मी तर पिवळं घालतेय." मी विचारलं, सतरा तारखेला काय? "अगबाई! तुरुंगात समारंभ नाही का? टोपी, झगा, सगळं. ल्यूसियन बोलला नाही?" मी म्हटलं, बोललाय की, मीच विसरले. सिस्टरांच्या शाळेत वाढलेली बाई चर्चच्या दारात खोटं बोलली, ते तुझ्या खात्यावर.

मागून मार्सेलीन पुटपुटली, "ते काही खरं शाळा पास होणं नव्हे. तिथं सगळ्यांनाच देतात." मी वळले. म्हटलं, "तुमच्या मुलाला बोलवा, बाई. इथं पायरीवर बसून बीजगणित सोडवू दे." एरलीनने मग सांगितलं, गणितात तू दोनदा नापास झालास आणि तरीही तिसऱ्यांदा बसलास. तेही मला ठाऊक नव्हतं.

इथं सगळं ठीक आहे. अंजिरं धरलीत, पण पाखरं माझ्याआधी उठतात. तुझे आजोबा गेले तरी पॉपॉंची खुर्ची अजून ओसरीवरच आहे. त्यात मी कुणाला बसू देत नाही, फादरनासुद्धा. पॉपॉंना तू डायलिसिसला न्यायचास ना, मी पोस्टात कामावर गेले की? मला वाटायचं, त्यांना तिथं सोडून तू शाळेत जातोस. एकटं वाटतं म्हणून तू त्यांच्याजवळ बसून राहायचास, हे मला पुढे तिथल्या नर्सने सांगितलं. शाळेने मात्र फक्त गैरहजेरी मोजली. हा पोरगा सकाळचा असतो कुठं, एवढं विचारायला कुणाची जीभ झिजली असती? नियमावर बोट ठेवलं आणि पास होणाऱ्यांच्या यादीतून नाव कापलं. अजून माझं डोकं फिरतं.

शाळेच्या समारंभाच्या संध्याकाळी तू झगा घालून घरातून निघालास. मी निळी हॅट घालून व्यायामशाळेत तिसऱ्या रांगेत बसले. मुख्याध्यापकांनी दरवर्षीप्रमाणे बजावलं, कुणी आरडाओरडा करायचा नाही. आणि दरवर्षीप्रमाणे नाव पुकारलं की त्या घरचे भोंगे, पातेली, शिट्ट्या. आम्ही हातमोजे घालून टाळ्या वाजवणाऱ्या. मला तो धांगडधिंगा कधी रुचला नाही. आपलं झेनो आडनाव यादीत शेवटचं, म्हणून मी निवांत होते. यंगांच्या मुलीचं नाव झालं आणि झेनो न म्हणताच मुख्याध्यापकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पोरांनी टोप्या उडवल्या. खुर्च्या उचलल्या जाईपर्यंत मी बसून होते.

तू घरी आला नाहीस. मित्राकडे राहिलास, आणि पुढे त्याच मित्राने दुकान लुटलं तेव्हा बाहेर गाडीत स्टिअरिंगवर तू होतास. त्याबद्दल आपण भेटीच्या खोलीत पुष्कळ बोललो. त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही.

सतरा तारखेच्या पाहुण्यांत तू माझं नाव का दिलं नाहीस, ते मला कळतं. मी पुन्हा तशीच बसून राहीन, ही भीती. तर ऐक. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पॉपॉंच्या गाईची घंटा होती. त्यांना यायचं बळ नव्हतं. त्यांनी स्वतः ती रुमालात गुंडाळून गाठ मारून दिली आणि म्हणाले, "पोराचं नाव आलं की अशी वाजव, की मला ओसरीवर ऐकू यावी." मी परतले. त्यांनी रुमालाची गाठ तशीच असलेली पाहिली. ती गाठ मी अजून सोडलेली नाही. एरलीन म्हणते, घंटा फाटकातून आत नेऊ देणार नाहीत. नाही तर नाही. मी ओरडणार आहे. माझं नाव या आठवड्यात देऊन टाक, आणि जो कुणी नावं वाचणार असेल त्याला सांग, झेनो झाल्याशिवाय चष्मा काढायचा नाही.

निळ्या हॅटमध्ये येणारी,
तुझीच,
मॉमॉ