बूड जुनं, अंग नवं

अप्पा, गेल्या आठवड्यात कुर्डुवाडीच्या एक बाई आमच्या हॉलमार्क सेंटरवर चांदीचा पेला घेऊन आल्या, आणि त्या पेल्याबद्दल तुमच्याशी बोलणं भाग आहे. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कधी लिहावंसं वाटलं नाही, कारण विचारायचं असं काही उरलं नव्हतं. तुमच्या शिकवणीवर माझं बरं चाललं आहे. चांदीचा कस आता यंत्रच सांगतं, पण जुनं विलायती भांडं आलं की सराफ लोक अजून माझ्याकडेच पाठवतात. यंत्राला इतिहास कळत नाही, एवढंच त्याचं कारण.

अजून डोळ्यांसमोर आहे. तुमचं चांदीकामाचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली, पण जुना पेला तपासायचा असला की तुम्ही स्वयंपाकघरात येता, कारण सकाळचं ऊन फक्त तिथल्या खिडकीतून येतं. आई भाकरी थापत असते. "हितं मी भाकरी थापू का तुमचे पेले मांडू?" असं ती रोज विचारते आणि तुम्ही रोज तिची परात वीतभर सरकवता. मग मला हाक मारता. पेला उपडा करून बुडावरचे शिक्के दाखवता. चालता सिंह म्हणजे शंभरात साडेब्याण्णव चांदी. जहाजाचा नांगर म्हणजे विलायतेतल्या कुठल्या गावी तो तपासला गेला. एक सुटं अक्षर म्हणजे साल, आणि राहिलेली अक्षरं घडवणाऱ्याची. तुम्हाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण सालांच्या अक्षरांचा तक्ता कुणाकडून तरी वहीत उतरवून घेतला होतात आणि तो तोंडपाठ होता. मला तेव्हा वाटायचं, सोलापुरात तुमच्याइतका हुशार माणूस नाही.

सातवीत असताना मी एकदा तोंड घातलं. तुम्ही बाहेर गेला होतात, शेजारच्या काकू पेला घेऊन आल्या, मी बुडावर शिक्क्यांची रांग बघितली आणि छातीठोकपणे सांगितलं, खरा विलायती आहे. निघाला मुलाम्याचा. तुम्ही स्वतः काकूंच्या घरी जाऊन सांगून आलात, आणि मग मला समोर बसवलंत. "शिक्का बघितलास. भांडं कुटं बघितलंस?" आवाज चढवला नव्हता, तरी माझे कान तापले. "शिक्का सगळ्यात शेवटी बघायचा. आदी वजन, मग अंग, मग सांधे. लबाड लोक जुन्या पेल्याचं बूड कापत्यात आन नव्या अंगाला बसवत्यात. शिक्का खराच असतो की, पेला खोटा." मग पेला तोंडाजवळ धरून त्यावर श्वास सोडायला शिकवलंत. चांदीवर वाफ बसली की पुसून गुळगुळीत केलेला सांधाही क्षणभर दोऱ्यासारखा दिसतो. त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येक भांड्यावर श्वास सोडत हिंडले आणि आईचा ओरडा खाल्ला.

तर कुर्डुवाडीच्या बाई. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, साठीच्या. पेला टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलेला. त्यांचे आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना त्यांना हा पेला देऊन गेला, त्यावर आजोबांचं नाव कोरलेलं होतं, असं आजी सांगायची. आता पेल्यावर एक अक्षर नाही. "भावकीत म्हणत्यात, आजोबानं बाजारातनं आणला आन साहेबाची थाप मारली," बाई म्हणाल्या. "मी शाळेत असताना त्याचा कान निसटला, म्हणून सोलापूरला दुरुस्तीला दिला हुता. परत आला तवापासनं आजी म्हणायची, ह्यो माझा पेला न्हवं, नाव कुटं गेलं. तिला लिहायवाचायला येत न्हवतं, मग ती नाव कशी वळखणार? आजोबा तवा न्हवते, पेला तिच्याच पेटीत असायचा, आमी पोरांनी कदी नीट बघितलाच न्हवता. हसायचो तिला. मरस्तोवर तेच घोकत हुती." मग टॉवेलाची घडी करत म्हणाल्या, "मॅडम, मला ह्यो इकायचा न्हाय. ती खोटं बोलत हुती का, तेवढं सांगा."

बाईंना चार दिवसांनी बोलावलं आणि तुमच्या क्रमानेच गेले. वजन हाताला हलकं लागलं. पेल्याच्या आत हातोडीचे बारीक घाव होते, सगळे उजवीकडून डावीकडे कललेले, डावखुऱ्या हाताचे. तिथेच मी थांबायला हवं होतं, पण सवयीने पेला उपडा केला. सिंह, नांगर, अक्षर, सगळं खरं आणि आजोबांच्या नोकरीच्या काळाशी जुळणारं. मग श्वास सोडला. बुडाभोवती केसाएवढं बारीक कडं उमटलं आणि विरून गेलं. यंत्रावर बूड साडेब्याण्णव भरलं, अंग जेमतेम सत्तर. सोलापुरात डावखुरा चांदीकाम करणारा मला एकच माहीत होता, आणि सांध्याला इतकी बारीक झाळ लावणाराही तोच.

दोन दिवस मी तुमची वकिली केली. अंगाला चीर गेली असेल, नवं करावंच लागलं असेल. पण मग तसं सांगून दिलं असतंत, आणि तेवढ्याच कसाची चांदी घातली असतीत. तुम्ही जुनं भरदार अंग नावासकट ठेवून घेतलंत, वितळवलंत की विकलंत ते तुम्हालाच ठाऊक. बूड तेवढं परत केलंत, कारण लोक शिक्काच बघतात हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि एक म्हातारी, जिला शिक्काही वाचता येत नव्हता आणि नावही, तिने पेला बोटांनी ओळखला. तिला घरच्यांनी वेडी ठरवलं. अप्पा, मला तुमचा फार राग आला. अजून आहे. त्यात ती झाळ भिंगाखाली बघताना 'काय काम आहे' असंही मनात आलं, त्याचा वेगळा राग.

अहवालात सगळं लिहिलं. बूड मूळचं, अस्सल. अंग नंतर बदललेलं, हलक्या चांदीचं, देशी घडणीचं. मूळ अंगावर नाव असल्यास ते अंगाबरोबर गेलं असणार. बाई आल्या तेव्हा वाचूनही दाखवलं. त्यांनी पेल्याच्या कोऱ्या अंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हंजे आजी खरं बोलत हुती." मी हो म्हणाले. "आन आमी तिला हसलो." पदराने डोळे पुसले, पेला पुन्हा टॉवेलात गुंडाळला. "कुणी केलं आसंल ओ हे?"

'बदल करणारा कारागीर अज्ञात' असं अहवालात लिहिलंच होतं. तेच तोंडाने सांगितलं. माझ्या सहीच्या कागदावरची ही पहिली खोटी ओळ. बाईंनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं.

हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही, आणि घरात कुणाला दाखवणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. जाता जाता बाईंनी विचारलं, एवढं बारीक बघायला कुणी शिकवलं. वडिलांनी, मी म्हणाले. "लई चांगलं शिकवलं की," त्या म्हणाल्या, "नाव काय त्यांचं?" आजवर तुमचं नाव मी कुणी न विचारता सांगत आले. त्या दिवशी विचारलं, तर मी चहा सांगायला उठले.