बाबांचा हात थांबला

ती. आईस, तुझ्या धाकटीचा वाकून नमस्कार.

आधी आनंदाची बातमी. काल सकाळपासून बाबांच्या हाताला आणि गालाला एकही झटका आलेला नाही. आज त्यांनी सुईत दोरा ओवून नर्सबाईंच्या कोटाचं बटण लावून दिलं. वर विचारतात कसे, "हे आधी लावणारा शिंपी होता की सुतार?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, ही एक प्रकारची फिटच होती. आजारापासून राखण करणारी शरीराची शक्तीच चुकून मेंदूवर उलटली होती. रक्ताच्या तपासणीत ते सापडलं. पाच दिवस सलाईनमधून औषध दिलं आणि गुण आला. अजून मधूनच विसरतात, पण तेही सुधारेल म्हणतात. गोळ्या मात्र बरेच महिने घ्याव्या लागतील.

मी भीतभीत विचारलं, "दादा गेल्याचा धसका तर नव्हे? त्याचं नाव काढलेलं चालेल का?"

"अहो, हा आजार धसक्याने होत नाही. खुशाल बोला भावाबद्दल."

आई, झटका येईल म्हणून आपण सात महिने दादाचं नाव काढलं नाही. आज दुपारभर आम्ही त्याच्याबद्दलच बोललो. तो पहिल्यांदा मशीनवर बसला तेव्हा त्याने पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले होते, हे सांगताना बाबा पोट धरून हसले. मग थोडे रडलेही, पण हात जागचा हलला नाही.

तू वेळेवर जेवतेस ना? गुडघा कसा आहे?

आम्ही सोमवारी निघतो. त्याआधी दादाचा फोटो कपाटातून काढून भिंतीवर लाव.

तुझी,
धाकटी