नऊ नंबरची म्हातारी

३ तारीख, शनिवार
पोचले एकदाची. बोटीत दोन तास काठ घट्ट धरून बसले होते. वाळूची ही पट्टी दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. कासव संवर्धन केंद्र म्हणजे काहीतरी भव्य असेल असं वाटलं होतं. आहे ती पत्र्याची एक लांबलचक शेड, आत सिमेंटच्या अकरा निळ्या टाक्या, आणि मागे बोळातून गेलं की तीन खोल्या. माझ्या खोलीच्या भिंतीही कमरेपर्यंत निळ्याच आहेत. रंग उरला असेल.

माणसं दोनच. केंद्र चालवणाऱ्या डॉक्टरबाई आणि टाक्या घासणारे काका. बाई काळजी घेणाऱ्या दिसतात. आल्याआल्या माझं वजन केलं, तेही कासवांच्याच काट्यावर. आकडा घरी कळवू नका, असं मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. आवाज नको म्हणून फोन ऑफिसात जमा करावा लागला.

बोट फक्त शनिवारी येते. तीन आठवडे इथे स्वयंसेवा करायची, आणि चोवीसला थेट ताईकडे. तिला अठ्ठावीस तारीख दिली आहे. बाळंतपणात मी उशाशी असेन, असा शब्द दिलाय तिला.

५ तारीख
इथला मुख्य नियम एकच, टाकीजवळ बोलायचं नाही. कासवाची जखम भरली तरी त्याला लगेच समुद्रात सोडत नाहीत. बाई रोज टाकीशी जातात, पाय आपटतात, हाक मारतात. कासवाने मान वर केली की टाकीवरच्या कार्डावर फुली, आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सलग वीस दिवस मान वर झाली नाही तरच सुटका. माणसाची सवय लागलेलं कासव आपण होऊन होडीजवळ जातं आणि जिवाला मुकतं, असं बाईंनी समजावलं. मला पटलं.

पण घरचे मला बडबडी म्हणतात ते उगाच नाही. नऊ नंबरच्या टाकीत एक म्हातारी आहे, जाळ्यात अडकून पुढचा एक पाय अर्धा गेलेला. तिला मासळी टाकताना मी जेवणाची चौकशी केली, ताईचं सगळं सांगितलं. ती बाईंच्या हाकेला ढिम्म हलत नाही, माझ्या आवाजाला मात्र मान वर काढून बघते. मला तर भरूनच आलं. बाईंना सांगितलं नाही.

९ तारीख
म्हातारीचे वीस दिवस भरले. सकाळी तिला वाळूवर सोडलं. तीन पायांनी पाणी गाठायला तिला अर्धा तास लागला. मी तोंडावर हात ठेवून उभी होते. फार आनंद झाला.

१४ तारीख
म्हातारी किनाऱ्याला लागली. पाठीचं कवच मधोमध चिरलेलं. मासेमारीच्या एका होडीत गप्पा चालल्या होत्या, ही आवाजाच्या मागे मागे गेली आणि इंजिनाच्या पंख्यात सापडली, असं काकांनी सांगितलं. माझं रडू आवरेना. शेवटी बाईंना सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ तारीख
खोलीचं दार उघडत नाही. बाहेरून कडी आहे. जेवण खालच्या फटीतून आलं.

बाई दाराशी येऊन शांतपणे बोलल्या. म्हणे, चूक म्हातारीची नव्हती आणि माझीही नाही. मीही तशीच आहे, कुणीही हाक मारली की ओ देणारी. असा जीव बाहेर टिकत नाही, आणि मला तसंच सोडलं तर त्यांना पाप लागेल. वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं म्हणाल्या. दारावर बाहेरून, अगदी खाली, कार्ड लावलंय. फटीतून खालची ओळ दिसते. माझं वजन, तीन तारखेचं.

१७ तारीख
बोट आली. घसा बसेपर्यंत ओरडले. टाक्यांच्या पंपाची घरघर सगळं गिळते. बोट गेली. त्या ओरडण्याबद्दल दोन फुल्या. काका फटीतून ताट सरकवतात, बघत नाहीत. मी विनवण्या केल्या, त्यावर एवढंच म्हणाले, की मान खाली घाला, लवकर सुटाल.

२४ तारीख
आज निघायचं होतं. बोटीचा आवाज आला, मी भिंतीकडे तोंड करून बसले. सात दिवस झालेत. तेरा राहिले. ताई, थोडं थांब.

२५ तारीख
दाराबाहेर ताई. माझं नाव घेऊन म्हणाली, कुठे आहेस गं, फोन का उचलत नाहीस. मी धडपडत उठले, दारावर डोकं आपटलं—

फोन होता. माझाच. बाईंनी तिचा रेकॉर्ड केलेला निरोप लावला होता.

फुली. पुन्हा एकपासून.

२८ तारीख
आज तिची तारीख. निरोप तीनदा वाजवला. मान वर केली नाही. स्वतःच्या मांडीला चावले.

६ तारीख
बारा. निरोप रोज. आता आवाज आला की मान आपोआप खाली जाते. बाई म्हणाल्या, छान प्रगती आहे.

१२ तारीख
अठरा. ताईचा चेहरा आठवून बघितला— फक्त आवाज येतो. आणि आवाज आला की—

१४ तारीख
वीस.

सकाळी बोळात पावलं. ताईची हाक. बडबडे, आहेस का गं. दारापाशीच. रडत होती. निरोपात इतकं रडणं नव्हतं— नवीन निरोप असेल. मी भिंतीकडे बघत बसले. पावलं गेली.

बाई आल्या. कार्डावर सही केली. दार सताड उघडं ठेवून गेल्या. सुटले.

बोळात, उंबऱ्यालगत, काहीतरी पडलंय. लोकरीचा मोजा. माझ्या अंगठ्याएवढा.

फोनमध्ये मोजा कुठून— बाहेरची कडी बघून तिला खोली रिकामी वाटली—

पंप बंद आहे. धक्क्यावर बाळ रडतंय. बोटीचं इंजिन सुरू झालंय. दार उघडं आहे, दारातून धक्का दिसतो, वीस पावलं नाहीत. मान वर करून एक हाक मारली की ताई—

ती हाक मारते आहे. पुन्हा. माझंच नाव.

मान—