विंगवर उभा राहिलेला माणूस

सर, ऑफिसात सगळे तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारत. माझ्याच तोंडून ‘सर’ निघायचं, आणि तुम्ही म्हणायचात, राणीने मला अजून सर केलेलं नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि पत्र मराठीत आहे, तेव्हा आज तुमचं काही चालणार नाही.

इथे कॅनडात, स्कारबरोच्या त्या पंपांच्या कारखान्यात मी नागपूरहून येऊन लागले, तेव्हा ड्रॉइंग ऑफिसात मी एकटीच बाई आणि तुम्ही रिटायरमेंटला टेकलेले चेकर. तुमच्या लाल पेन्सिलीखालून गेल्याशिवाय एकही ड्रॉइंग खाली शॉपमध्ये उतरत नसे. लंचला मात्र तुम्ही तुमच्या रग्बी लीगवर घसरायचात: उत्तर इंग्लंडमधलं कोळशाचं गाव, आठवडाभर खाण, शनिवारी मैदान, आणि दोन महायुद्धांच्या मधली तुमची ती खेळायची वर्षं. कुणी नुसतं रग्बी म्हटलं की तुमचे कान लाल होत. आमची तेरा जणांची, पंधरावाली ती साहेबलोकांची, असं तुम्ही बजावायचात. मी मान डोलवायचे आणि डबा भराभर संपवायचे.

माझ्या प्रोबेशनचे पाच आठवडे उरले होते. बसस्टॉपजवळच्या बर्फावरून पाय घसरला आणि उजवा हात मोडला. ड्रॉइंग काढणारीचा उजवा हात! डाव्या हाताने वेडावाकडा राजीनामा खरडून मी तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही तो वाचून दुमडलात, परत दिलात आणि चांगलेच रागावलात. तुमचा खांदा मोडला त्या सामन्याची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकली. त्या काळी बदली खेळाडू नसायचा, म्हणून तुम्ही हात जर्सीत खुपसून शेवटपर्यंत विंगवर, मैदानाच्या कडेला, उभे राहिलात. मी म्हणाले, आमच्या कबड्डीत बाद झालेला बाहेर बसतो.

“आमच्यात बाहेर बसायची सोयच नव्हती. मी नुसता उभा होतो, पण त्यांच्या एका माणसाला माझ्यापाशी अडकून राहावं लागलं. आण ती खुर्ची इकडे.”

मग पाच आठवडे मी शेजारी बसून मोठ्याने मापं वाचतेय आणि तुम्ही ड्रॉइंगवर खुणा करताय. चेकिंग हे मुळात दोघांचंच काम, असं तुम्ही मॅनेजरलाही ठणकावलंत. नोकरी राहिली. या देशात माझं जे काही झालं ते तिथून पुढे झालं. तुमचे आभार मानायला मला त्या वेळी सुचलंही नाही, आता रोज सुचतं.

गेल्या विंटरमध्ये माझ्या नवऱ्याला स्ट्रोक झाला. डावी बाजू लुळी पडली. माणूस खोलीबाहेर यायला तयार नाही. मुलगी कॅल्गरीहून वेबकॅमवर बोलायला आली की हे डोळे मिटून पडायचे. दिवाळीच्या तोंडावर मला म्हणाले, “तू माझ्यासाठी त्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये अप्लाय कर. मी इथे नुसती जागा अडवून बसलोय.”

मला इतकं रडू आलं. पण तोंडातून निघाली ती तुमचीच गोष्ट: खांदा, जर्सी, विंग. जागा अडवणं हेच तर तुमचं काम होतं! यांनी ऐकलं आणि विचारलं, मग जिंकले का ते? मी हो म्हणाले. मग यांना किचनमध्ये आणून बसवलं, चकलीच्या भाजणीची वही पुढ्यात ठेवली आणि वाचा म्हटलं. ते प्रमाण मला तोंडपाठ आहे. तरी अर्ध्यात हे मान वर करून म्हणाले, धणे घातलेच नाहीस तू. खरंच राहिले होते.

होमचा विषय पुन्हा निघालेला नाही. पण सर, तो सामना तुम्ही सणकून हरला होतात. मला तुम्ही ते आधीच सांगितलं होतंत, आणि तरी मी खुर्ची आणली होती. यांना तेवढं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.