खणणारीचं मशीन

१२ मार्च, रविवार

घेऊन गेला! मशीनसुद्धा घेऊन गेला.

मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पिकअप फाटकाशी थांबली. कॉलिन उतरला. त्याची ती नवी रेलीन आतच बसून राहिली – काच वर, गॉगल डोळ्यांवर. हा सरळ शेडकडे निघाला, जसं काही घर अजून त्याचंच आहे. "डिटेक्टर न्यायला आलोय." म्हटलं, तो दोघांचा आहे. तर म्हणतो, "अगं ग्लेनिस, तू कधी हातात तरी धरलायस का तो?"

नाही धरला. खरंय. तीस वर्षं तो जमिनीतलं सोनं हुडकत मशीन फिरवायचा आणि मी खणायची. मशीन कुंई करायचं, हा बाजूला व्हायचा, टोपी मागे सरकवायचा – "इथे, ग्लेन." की मी कुदळ घेऊन गुडघ्यांवर. सोन्याचा खडा निघाला तर त्याचा. नुसता खिळा निघाला तर "तू उगाच एवढं खोल गेलीस." एकदा पेपरात फोटो आला होता आमचा. त्याचा तळहात, तळहातावर खडा, आणि कडेला माझं कोपर!

जाताना कुदळ शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली. "ही तुझी," म्हणाला.

१३ मार्च, सोमवार

सुट्टी. दिवसभर ओव्हन घासला.

१५ मार्च, बुधवार

पर्थहून कर्स्टीचा फोन. "आई, बाबांचा विषय सोड आता. काहीतरी छंद लाव. मातीची भांडी शीक." माती! मला माती शिकवतेय ही! आयुष्यभर शाळेच्या कँटीनमध्ये पॅटिस गरम केले आणि सुट्टीच्या दिवशी अख्खा तालुका उकरला. अजून किती माती?

फोन ठेवला आणि रडले. रागानेच.

१८ मार्च, शनिवार

ठरवलं. स्वतःचं मशीन घ्यायचं.

शेजारच्या जॉसलिनला सांगितलं. ती पोस्टात होती, अजूनही गावाची सगळी पाकिटं फोडल्यासारखी बोलते. "अगं बाई, त्याच्यासारखंच घेणार? तेवढ्या पैशात मोटार येते!" म्हटलं, तेवढं कुठलं परवडायला. "मग ते सुपरमार्केटात मिळतं ते? पोरं बीचवर नाणी शोधतात ते?" तेही नाही. ते खेळणं आहे. आमच्या लाल जमिनीत लोखंड भरलंय, तिथे असलं खेळणं नुसतं केकाटत बसतं.

मधलं. मधलं काहीतरी.

"नवऱ्यातही मधलाच बघायला हवा होतास," जॉसलिन म्हणाली. हसले. बऱ्याच दिवसांनी.

२४ मार्च, शुक्रवार

बेंडिगोला मशीनच्या दुकानात जाऊन आले. हात हलवत परत.

दुकानदार वॉरेन. दाढीवाला, पोट काउंटरवर टेकलेलं. पहिलाच प्रश्न – "मिस्टरांना कुठलं हवंय?"

"मिस्टरांना हवं ते मिळालंय. मला माझ्यासाठी बघायचंय."

बिचारा लाल झाला. मग मात्र नीट दाखवू लागला. मी अंगणातली माती बरणीत भरून नेली होती, आणि कानातलं सोन्याचं फूल. पहिलं मशीन नुसत्या बरणीवरच ओरडायला लागलं. सोनं घातलं तरी तेच, काढलं तरी तेच. बाद. दुसरं जुनं, वापरलेलं – कॉलिनच्या मशीनचं थोरलं भावंड. माती गप्प, फूल बोललं! स्वच्छ! पण वजन काय त्याचं! बॅटरी पाठीवर दप्तरासारखी अडकवायची, कमरेला पट्टा, खांद्याला पट्टा. तरी मला तेच हवं होतं. ते खोल जातं. तिसरं नवीन, हलकं, घडी घालून पिशवीत मावणारं. दोघांची किंमत जवळपास सारखीच. पण तिसऱ्याला खोलातलं कळत नाही.

वॉरेन माझ्या उजव्या खांद्याकडे बघत होता. दोनदा फिरवलं तर मी तो चोळायला लागले होते, मला कळलंही नाही.

"मॅडम, खोल आवाज लागला तर खणणार कोण?"

"मीच."

"मग हलकं घ्या."

हा कोण मला सांगणार! एका पुरुषाने म्हणायचं तू फक्त खण, दुसऱ्याने म्हणायचं तुला खणणं झेपायचं नाही. बरणी उचलली आणि बाहेर पडले.

२६ मार्च, रविवार

खांदा दुखतोय. पाण्याची किटलीसुद्धा डाव्या हाताने.

३१ मार्च, शुक्रवार

हलकं घेतलं.

वॉरेनने हेडफोन बदलून दिले, मशीनच्या टोकाला छोटी थाळी लावून दिली – झाडांच्या मुळांमधून फिरवायला बरी. टास्मानियाच्या बोटीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाचे. त्यातनं दिले. बोट गेली. बरं झालं. मला तशीही बोट लागते.

खाणकामाचा परवानाही काढला. पहिल्यांदा माझ्या नावाचा. ग्लेनिस ट्रेगॉनिंग. आडनाव मात्र अजून त्याचंच.

७ एप्रिल, गुड फ्रायडे

पहिला दिवस. गावाबाहेर, पाण्याच्या टाकीमागे, कुणी बघणार नाही अशा जागी. सोबत दोन गोड पाव आणि थर्मास.

अर्धा तास फिरवलं. मग – कुंई! मी बाजूला झाले. टोपी मागे सरकवली. आणि उभी राहिले.

मग लक्षात आलं – खणायलाही मीच!

एकटीच रानात उभी राहून हसले, मग शिव्या दिल्या, मग खणलं. बंदुकीचा छर्रा. त्यानंतर खिळा. मग आणखी छर्रे, बिअरच्या डब्याची कडी, घोड्याच्या नालेचा तुकडा, परत खिळा.

हे मशीन नाही, भंगारवाला आहे.

१६ एप्रिल, रविवार

खिळे.

१८ एप्रिल, मंगळवार

खिळे. पण एक आहे – आता ऐकू यायला लागलंय. खिळ्याचा आवाज दोन्ही कडांना फाटतो. छर्रा टुचकन उडतो. लोखंडी दगड घशातल्या घशात गुरगुरतो. इतकी वर्षं हे सगळं कॉलिनच्या कानात चालायचं आणि मी शेजारी उभी राहून माश्या हाकलायची. एकदा म्हटलं होतं, जरा मला ऐकू दे ना. "तुला काय कळणार त्यातलं?" तेव्हा वाटलं, खरंच काहीतरी फार अवघड असेल.

काही अवघड नाही. कुकरच्या शिट्ट्या ओळखण्याइतकंच.

२५ एप्रिल, मंगळवार

अँझॅक डे, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचा. पहाटे स्मारकापाशी सगळं गाव. कॉलिनच्या छातीवर त्याच्या आजोबांची पदकं. दरवर्षी मी लावायची, सरळ ओळीत. आज रेलीनने लावली होती – वाकडी. तुतारी वाजत होती आणि मी त्या वाकड्या पदकांकडे बघत होते. देवा, मी कसली बाई झालेय!

नंतर बिस्किटांच्या टेबलाशी तो जवळ आला. "मशीन घेतलंस म्हणे?"

"हो."

"कुठलं?" सांगितलं. हसला. "ठीक आहे. वेळ जाईल तुझा."

३० एप्रिल, रविवार

कॉलिनचा फोन! स्वतःहून!

आधी हवापाणी. मग कर्स्टीची चौकशी. मग आला मुद्द्यावर – "ग्लेन, ती जागा कुठली गं? आपला शेवटचा चांगला खडा मिळाला ती? रेलीनला घेऊन दोनदा जाऊन आलो, सापडतच नाही."

कशी सापडेल? गाडी मी चालवायची. वळणं मी लक्षात ठेवायची. हा शेजारी बसून सँडविच खायचा. पडक्या चिमणीमागची घळ ती, डोळे बांधून जाईन मी. आणि पुढच्या शनिवारी मी स्वतःच जाणार होते तिथे.

म्हटलं, "अरे, टॅनर्स फ्लॅट!"

टॅनर्स फ्लॅट! ते माळरान, जिथली माती शंभर वर्षांपूर्वीच सोन्यासाठी धुऊन नेली, आणि उरलेली सोनं शोधणाऱ्यांच्या क्लबातल्या प्रत्येकाने चाळून काढली. तिथे नवशिक्यांनाही कुणी पाठवत नाही. पण माझी जीभ अशी चालली – "कुंपण संपतं ना, तिथून उजवीकडे. वठलेली निलगिरी आहे, तिच्याखाली. ऊन डोक्यावर होतं, तू टोपी विसरला होतास, माझी घातलीस. आठवत नाही?"

"हो हो! आठवतंय ना!"

खोटारडा. असं काही झालंच नव्हतं.

जॉसलिनला सांगितलं. हसता हसता खुर्चीतून घसरली. "खणू दे मेल्याला खिळे! आणि कुदळ कुणाच्या हातात असेल गं? रेलीनच्या! नखं लावलीयत तिने परवाच!"

आज जेवण गोड लागलं.

६ मे, शनिवार

चिमणीची घळ. दिवसभर. काही नाही. परतताना काटेरी तारेत पँट फाटली.

१४ मे, रविवार

मदर्स डे. कर्स्टीने सपाता पाठवल्यात, नेहमीसारख्या एक नंबर लहान.

दुपारी परत घळीत गेले. चिमणीच्या वरच्या अंगाला, दोन मुळांच्या बेचक्यात – आवाज नव्हेच तो. श्वास. थाळी परत फिरवली. परत तसाच, दोन्ही कडांना गोल, न फाटणारा. कुदळ हळू चालवली. माती हातात घेऊन थाळीवरून फिरवली, अर्धी टाकली, परत फिरवली. शेवटी तळहातावर मिरीच्या दाण्याएवढं. चिकटलेला लाल चिखल थुंकीने पुसला.

पिवळं!

माझं! मी ऐकलेलं, मी खणलेलं!

आणि पहिला विचार काय यावा? कॉलिनला सांगायला हवं.

तिथेच मातीत बसले. रान गप्प. मॅगपाय पक्षी ओरडत होता तेवढा. थर्मासमधला चहा गार झालेला. हा माणूस सोडून दुसऱ्या कुणाला कळणारच नाही, मिरीच्या दाण्याएवढं म्हणजे काय ते! जॉसलिन म्हणेल, एवढंसंच? कर्स्टी म्हणेल, छान हं आई. एवढा राग आला त्याचा – आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा. घर सोडून गेला ते गेलाच, पण हेही घेऊन गेला.

२० मे, शनिवार

जॉसलिन सांगत होती, कॉलिनची पिकअप रोज टॅनर्स फ्लॅटला उभी असते. रेलीन पहिले दोन दिवस गेली, मग पाठ धरली म्हणे तिची. आता एकटाच जातो. फिरवतोही तोच, खणतोही तोच. क्लबातले लोक गाडीचा वेग कमी करून बघतात आणि हसतात.

मीही हसले. पण आधीसारखं नाही. सदुसष्ट वर्षांचा माणूस तो, गुडघ्यांवर. फोन करून सांगावं का, अरे, तिथे काही नाही? हातही गेला फोनकडे.

नाही केला. कुणी माझ्या गुडघ्यांची फिकीर केली होती?

२८ मे, रविवार

नाही. नाही! शक्यच नाही!

पाव आणायला बेकरीत गेले. रेलीन तिथे, भोवती सगळा घोळका. फोनवर फोटो दाखवत होती. कॉलिनचा तळहात, आणि त्यावर – बटाट्याएवढा! टॅनर्स फ्लॅट. वठलेल्या निलगिरीखाली. कुंपण संपतं तिथून उजवीकडे! मोठं झाड, त्याच्या मुळांखाली कुणी कधी एवढं खोल खणलंच नव्हतं. त्याने खणलं, कारण मी सांगितलं होतं की त्याने तिथेच एकदा काढला होता!

मला बघून घोळका बाजूला सरकला. बेकरीवाली म्हणाली, "ग्लेनिस, तुला कळलं असेलच ना?"

"हो तर," म्हटलं. पाव न घेताच आले.

जॉसलिन आली, दार उघडलं नाही.

खोल आवाज! खोल आवाज होता तो. माझं हे हलकं, शहाणं, मधल्या किमतीचं मशीन त्याच झाडाखालून शीळ घालत निघून गेलं असतं. आणि मी? मी पत्ता दिला. झाडासकट दिला! आता पेपरात फोटो येईल. या वेळी कोपर रेलीनचं.

मशीन शेडमध्ये टाकलं. वरून कापडही घातलं नाही.

४ जून, रविवार

कॉलिन आला होता. एकटाच. आत ये म्हटलं नाही, तोही आला नाही. दाढी वाढलेली, दोन्ही तळहातांना पट्ट्या. खिशातून मोजा काढला, मोज्यातून तो खडा. अर्धा. करवतीने कापलेला!

"मूर्खा!" मी ओरडलेच. "अख्खा विकायचा असतो रे! कापलास की गेली त्याची किंमत!"

"माहितीये गं. रेलीनही हेच ओरडत होती. पण विकून पैसे देतो म्हटलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास?" खाली बघत होता. "जागा तू सांगितलीस, ग्लेन. दुसऱ्या कुणीही खोटीच सांगितली असती."

गेला.

खडा टेबलावर आहे. कापलेली बाजू वर. मी त्याला काहीच सांगितलं नाही.