दक्षिणेचं खोटं दार

सर, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी तुमच्यापायी मला अजून बोलणी खावी लागतात, हे आधी सांगतो. मुरुम गावात धान्याच्या एका आडत्यानं नवा बंगला बांधलाय. तो सहलीला इटलीत जाऊन आला आणि व्हेनिसजवळच्या खेड्यातला कुण्या खानदानी घराण्याचा व्हिला बघून वेडा झाला. हौसेला मोल नसतं. मी भिंतींवर चित्रं काढतो, म्हणून माझ्यापुढं मोबाइल धरून म्हणाला, ‘अस्संच पायजे हॉलमध्ये.’ बघतो तर तुमचाच व्हिला. मासिकातून कापलेलं जे चित्र तुम्ही दरवर्षी चित्रकलेच्या तासाला फळ्यावर लावायचात, तेच ते.

इटली सोडा, तुम्ही सोलापूरच्या पलीकडं गेला नव्हतात. पण त्या घरात पंगतीला बसून आल्यासारखं बोलायचात. ‘खानदानी व्हय, पण शेवटी शेतीवालेच. सुगीला शहरातनं येत होते. माळ्यावर धान्य आन् खालच्या छताला रंगवलेले देव.’ तिथल्या भिंतींवर चितारलेली खोटी दारं म्हणजे तर तुमचा जीव की प्राण. एका दारातून घरची मुलगी डोकावते, दुसऱ्यातून शिकारीहून परतलेला माणूस शेकडो वर्षं आत येतोच आहे. माझी रेष जरा वाकडी गेली की भर वर्गात म्हणायचात, ‘खरं दार वाकडं चालतंय, खोटं न्हाय चालत.’ आणि स्वतः काय केलंत? स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, म्हणून भिंतीवर खिडकी रंगवलीत, पलीकडं इटलीचे डोंगर. मी आलो की काकू चुलीपुढून डोळे पुसत म्हणायच्या, ‘तुझ्या सरांस्नी सांग, धूर काई ह्या खिडकीतनं जाईना.’ तुम्ही हसायचात. काकूंचा खोकला ऐकून मला तुमचा राग यायचा, तो आजही येतो.

तर आडत्याच्या हॉलमध्ये मी तसंच दार काढलं. रिकामी भिंत एकच होती, दक्षिणेची. महिनाभर मान मोडून काढलं, अर्धं उघडं, आणि त्यात तुम्हाला उभं केलं, पाठमोरं, काखेत कागदाची गुंडाळी. मग आडत्याची आई काठी टेकत आली.

‘दक्षिणेला दार काडलास व्हय? यमाची दिशा हाय ती.’

‘आजी, रंगाचं दार हाय. उघडत न्हाय.’

‘उघडत न्हाय, तर अर्धं उघडं कशाला काडलास?’

आडत्यानं वास्तुशास्त्राचा माणूस आणला. दोघांनी मिळून रंगवलेल्या उंबऱ्याचं टेप लावून माप घेतलं. दुसऱ्या दिवशी जातो तर नुकत्याच वाळलेल्या चौकटीत खिळा ठोकून लिंबू-मिरची टांगलेली. मी कपाळावर हात मारला. तेवढ्यानंही भागेना. ‘वास्तुशांतीच्या आत भिंत पांढरी करून टाका,’ आडत्या म्हणाला, ‘त्या माणसासकट.’ तुमचा धड एक फोटोसुद्धा कुणाकडं नाही, सर. तुम्ही म्हणून जे काही उरलंय ते त्या भिंतीवर, आणि मी पांढऱ्या रंगाचा डबा उघडून बसलो होतो.

आजी खुर्ची ओढून समोर बसल्या.

‘कोण हाय ह्यो?’

‘आमचे सर. वारले.’

‘मग तोंड तिकडं का?’

‘निघालेत,’ मी म्हणालो.

त्यांनी काठीचं टोक रंगवलेल्या उंबऱ्याला लावून बघितलं. मग मुलाला हाक मारली. ‘ऱ्हाऊ दे रे. आत येणारा न्हाय ह्यो, जाणारा हाय. गेलेलं माणूस तिकडंच जातंय.’ लिंबू-मिरची मात्र काढू दिली नाही.

तर तुम्ही तिथं आहात, डोक्याशेजारी लिंबू. पाहुणे कौतुकानं विचारतात, पाठमोरं काढायचं कसं सुचलं? मी ऐटीत तुमचा व्हिला सांगतो, त्यातली दारं सांगतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहितो. आधी तुम्हाला समोरूनच काढायला घेतलं होतं. सदऱ्याचं तुटलेलं बटण आलं, बोटांवरचा खडू आला, चष्म्याची दोरा बांधलेली काडी आली. चेहरा आठवेना.