आजचा भात

बाबा, चिखल्याच्या आपल्या चर्चमध्ये आता नऊच माणसं उरली आहेत, आणि त्यातली एक मी. पाळकसाहेब तुमच्या वेळेसारखेच महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारची उपासना तुम्ही चालवायचात, ती मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्या गळ्यात पडली आहे. तीन वर्षं झाली. खाणीच्या कॉलनीतले बरेच जण नोकरी संपल्यावर आपापल्या गावी गेले, त्यांची मुलं तुमसरला, नागपूरला. जी इथे आहेत त्यांना आपली उपासना मिळमिळीत वाटते, आणि ती तसं तोंडावर सांगतात. मास्तरीणबाईंना तोंडावर काही सांगायला पूर्वी लोक घाबरायचे. आता तेही राहिलं नाही.

म्हणून मी एकेक करून पाहिलं. आधी कीबोर्ड आणला, भिंतीवर पांढरी चादर लावून तिच्यावर हिंदी गाण्यांचे शब्द दाखवले, या वयात टाळ्या वाजवत उभी राहिले. तरुण मंडळी तीन रविवार आली. चौथ्या रविवारी ती तुमसरच्या एका हॉलमध्ये गेली, कारण तिथे खराखुरा ड्रम आहे आणि वाजवणाऱ्याला ताल कळतो. मग मी बाकं भिंतीला लावली, सतरंजी अंथरली, ढोलक आणि खंजिरी मागून आणली, आपली जुनी गीतं भजनाच्या चालीवर बसवली. म्हाताऱ्या खाली बसल्या त्या उठता उठेनात. "दरी कायले टाकली वं बाई? बाकं मोडले का?" असं शेजारच्या काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं. या काकू तुम्हाला आठवत असतील, त्यांचे मालक तुमच्याच पाळीत खाणीत उतरायचे. त्यानंतर मी शांत उपासना करून पाहिली. मेणबत्त्या लावायच्या, गाणं नाही, प्रवचन नाही, कोणी बोलायचं नाही. दहा मिनिटांनी काकूच बोलल्या, "कोनी मेलं का?" मलाही हसू आलं. घरी येऊन चर्चची किल्ली खुंटीला अडकवली तेव्हा मात्र हसू गेलं होतं.

मग तुमची प्रार्थना राहिली. खरं सांगायचं तर ती मला सगळ्यात आधी आठवली होती. मी टाळत होते.

मी नववीत आहे. भंडाऱ्याच्या वसतिगृहातून नाताळच्या सुट्टीत घरी आले आहे. तुम्ही पुढे उभे आहात, धुतलेला पांढरा सदरा घालून, पण नखांतली खाणीची काळी धूळ साबणानेही गेलेली नाही. डोळे मिटून तुम्ही प्रभूची प्रार्थना म्हणता, तुमच्या पद्धतीने. प्रार्थनेच्या पुस्तकात रोजची भाकर मागितली आहे. आपल्याकडे धान पिकतं, दोन्ही वेळा भातच शिजतो, म्हणून तुम्ही म्हणता, "देवा, आमाले आजचा भात दे." आणि त्याच्या पाठोपाठ पुस्तकात कुठेच नसलेलं एक वाक्य, दर रविवारचं, "जे खाली उतरते, त्याइले वर आन." ज्यांचे मालक दुसऱ्या दिवशी खाणीत उतरणार असतात त्या बायका इथे मोठ्याने आमेन म्हणतात. आज त्या आमेनच्या आधीच मी पहिल्या बाकावरून, वसतिगृहात कमावलेल्या आवाजात म्हणते, "बाबा, भात नाही, भाकर. आणि आमाले नाही, आम्हांला."

कोणी हसलं नाही. तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत आणि "बरं" म्हणालात. घरीही रागावला नाहीत. आई भाताची पेज गाळत होती. तुम्ही प्रार्थनेचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "कुठून वाचाचं तेवढं खून करून दे." मी लाल पेन्सिलीने खुणा करून दिल्या, ओळीखाली रेघा मारून, मोठ्या ऐटीत. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही त्या रेघांवर बोट ठेवून वाचलंत. चौथी शिकलेलं ते बोट जोडाक्षरापाशी अडायचं, आणि बायकांना आमेन कुठे म्हणायचं ते कळायचं नाही. मला तेव्हा वाटलं, चला, सुधारणा झाली. पुढे मी मराठीच शिकवायला लागले आणि एकतीस वर्षं पोरांच्या वह्यांमधलं 'मले' खोडून 'मला' लिहीत राहिले.

तर मागच्या रविवारी मी तुमची प्रार्थना म्हटली. आठवडाभर स्वयंपाकघरात भांडी घासताना म्हणून पाहिली होती. पुढे उभी राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, देवा, आमाले आजचा भात दे. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मी खाणीचं वाक्यही म्हटलं. आमेन आलं नाही. उपासना संपल्यावर काकू पायरीवर चपला शोधत होत्या. मला म्हणाल्या, "राग नको मानू बाई, पन तुये तोंडून ते नाटकातल्यासारखं वाटून राहिलं." मी म्हटलं, बाबा असंच म्हणायचे ना. "भाऊजी बोलत होते. तू नक्कल करून राहिली." मग एक चप्पल पायात घालून त्या म्हणाल्या, "भाऊजीले म्या इचारलं होतं, काहून सोडलं तुमी आपलं बोलनं? तं म्हने, पोरगी शिकली. तिले लाज वाटते आपल्या बोलीची. देवाले बी वाटत असन." एवढं सांगून त्यांनी दुसरी चप्पल घातली आणि त्या घरी गेल्या.

बाबा, इतकी वर्षं मी समजत होते की मी तुमचा एक शब्द सुधारला. तुम्ही तर देवालाही माझ्या बाकावर आणून बसवलंत, आणि त्याच्यापुढे तोंड उघडायचं सोडलंत. याचं काय करायचं ते मला कळत नाही. कीबोर्ड परत करता येतो, सतरंजी गुंडाळून ठेवता येते. तुमचं बोलणं कुठून आणू? ते माझ्या तोंडात होतं, मीच घासून घासून काढलं. काकू आहेत तोवर एका माणसाला तरी ते आठवतं. त्यांच्यानंतर आपली उपासना कशी होती हे सांगायला कोणी नाही, आणि बहुतेक उपासनाही नसेल. उद्या रविवार आहे. मी पुस्तकातून वाचणार आहे, माझ्याच लाल रेघांवरून, कुठेही न अडखळता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. त्याच पुस्तकात ठेवून देईन. एवढं मात्र कबूल करते. सगळ्यात वर मी आधी लिहिलं होतं, "बाबा, मले माफ करा." वाचून पाहिलं तर मलाच ते नाटकातलं वाटलं, म्हणून खोडलं. मग लिहिलं, "मला माफ करा." ते रजेच्या अर्जासारखं दिसत होतं. तेही खोडलं.